बायकांचा आजार

सदऱ्यावरचा डाग आधी बेयाला दिसला.

नारिंगाच्या फुलांची तिसरी खेप नुकतीच आली होती. पडवीत पांढऱ्या चादरींवर फुलांचा थर पसरला होता आणि शादली वाकून चौथ्या पोत्याचं तोंड सोडत होता. बेया चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यापाशी पाट घेऊन बसली होती. नळीतून थेंब थेंब पडणारा अर्क काचेच्या बाटलीत नीट पडतोय ना, एवढंच तिचं काम. आई गेल्यापासून दर एप्रिलला अर्क बेयाच्याच अंगणात निघायचा, आणि बिन मिलाद घराण्यातला जो कोणी नाबल गावात असेल त्यानं हजर राहायचं, हा नियम होता.

"शादली, हे काय लागलंय रे?"

"कुठे?"

"छातीवर. डावीकडे. रक्त आहे का ते?"

शादलीनं हात तिथे नेला आणि तसाच ठेवला. "सुतळीनं खरचटलं असेल."

"सुतळीनं सदऱ्याच्या आतून खरचटतं होय?"

फुलांची देठं खुडत बसलेल्या मुंजियाचे हात थांबले. तीन महिने झाले, तिचा नवरा स्वतःचे बनियन स्वतः धूत होता. सदतीस वर्षांच्या संसारात या माणसानं रुमाल कधी धुतला नव्हता. आधी तिला नवल वाटलं, मग संशय आला. बासष्टाव्या वर्षी याला कोण भेटली, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला होता, आणि तो विचार केल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली होती.

"सदरा काढ," ती म्हणाली.

"इथे?"

"इथे."

धाकटा भाऊ लमीन पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. तो हसला. "सीदी, आमच्यासमोर कसली लाज? एका टबात आंघोळी केल्यात आपण."

शादलीनं बटणं सोडली. एक, दोन, तीन. मुलांच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खा वर्ग उठून उभा राहायचा, तो बायको, बहीण आणि भावासमोर बनियन वर करून उभा राहिला. डावं स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. त्याच्या बाजूला ऑलिव्हच्या बियेएवढी गाठ होती आणि तिच्यावरची कातडी लालसर झाली होती.

लमीनचं हसू गेलं.

"कधीपासून?" मुंजियानं विचारलं.

"सप्टेंबर."

"सात महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

काय सांगणार होता? गाठ लागल्यावर त्यानं न्हाणीघराची कडी लावून फोनवर शोधलं होतं. फोननं त्याला बायकांची चित्रं दाखवली. नुसत्या बायका. त्यानं घाईघाईनं फोन बंद केला, मुलीच्या हातात पडला तर ती काय म्हणेल या भीतीनं. मग त्याच फोनवर एक दाढीवाला माणूस भेटला. मधात काळ्या बिया कालवून तो कसलीही गाठ विरघळवत होता. शादलीनं तीन बरण्या मागवल्या. गुडघ्यांसाठी आहे, असं मुंजियाला सांगून तो रोज सकाळी एक चमचा खात होता. हाच माणूस तीस वर्षं मुलांना विचारायचा, 'कुठे वाचलंस? कोणी लिहिलंय? तो कोण आणि त्याला कसं माहीत?' आणि नाव सांगता आलं नाही तर पोराला बाकावर उभं करायचा.

"तो वाईट आजार नसेल," बेया घाईनं म्हणाली. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे. "आणि हे बघ, कोणाला सुई लावू देऊ नकोस त्याला. सुई लागली की अंगभर पसरतो. सगळे सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?" मुंजियानं विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. बाजारात विचार."

"गाबेसकडे एक माणूस आहे," लमीननं खिशातून फोन काढला. "नुसता पाला बांधतो. हे बघ, याच्यात दाखवलंय. आणि पुरुषाला तो होतच नाही सीदी. तो बायकांचा आजार आहे. तुझं हे दुसरंच काहीतरी असेल. उष्णता असेल."

चहाचं तबक घेऊन अमानी दारात उभी होती. शादलीची धाकटी मुलगी, नगरपालिकेत नोकरीला. ती कधी येऊन उभी राहिली ते कोणालाच कळलं नव्हतं. बापानं घाईनं बनियन खाली ओढला.

"दलेंदाकाकूला विचारा," ती म्हणाली.

दहा वर्षांत त्या अंगणात हे नाव कोणी उच्चारलं नव्हतं. लमीन उठला आणि काही कारण नसताना चुलीतली लाकडं पुढे सारायला लागला.

"ती दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यामागच्या खोलीत बसते," अमानी पुढे म्हणाली. "एका संस्थेचं काम आहे. हा आजार झालेले लोक तिच्याकडे जातात. कुठे जायचं, काय विचारायचं, कोण खरं सांगतो आणि कोण लुबाडतो, सगळं सांगते. आमच्या ऑफिसातल्या शिपायाच्या बायकोला तिनंच वाचवलं."

"मी तिच्या दारात जाणार नाही," शादली म्हणाला.

"का?" मुंजियानं विचारलं. "तिनं तुझं काय वाकडं केलंय?"

सगळी अडचण तिथेच तर होती. तिनं काहीच केलं नव्हतं.

*

सोमवारी तो एकटाच गेला. मुंजिया निघाली होती, पण त्यानं तिला कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. मग त्या खोलीवरून तो दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. तिसऱ्या खेपेला आतून एक म्हातारी बाहेर पडली, तिनं त्याच्यासाठी दार धरून ठेवलं, आणि आता आत जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला कपाट. टेबलामागे दलेंदा बसली होती. लमीननं सोडली तेव्हा ती चौतीसची होती, डोक्यावर एक केस नव्हता, आणि आजारपणानं चेहऱ्याचा रंग मेणासारखा झाला होता. आता केस पांढरे झाले होते, पण दाट होते, आणि अंगही भरलं होतं. तिनं त्याला ओळखलं. उठली नाही.

"बसा, सी शादली."

घरात होती तेव्हा ती त्याला नुसतं सीदी म्हणायची, सख्ख्या थोरल्या भावाला म्हणावं तसं. आता बाजारात कोणीही कोणाला म्हणतो तसं सी शादली.

"एका ओळखीच्या माणसाबद्दल विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्याच्या छातीत गाठ आहे."

"त्या माणसाला डावीकडे आहे की उजवीकडे?"

"डावीकडे."

"मग तिथला हात काढा आणि सांगा."

शादलीनं खाली पाहिलं. त्याचा उजवा हात छातीच्या डाव्या बाजूवर घट्ट दाबलेला होता. त्यानं तो काढून मांडीवर ठेवला आणि सांगितलं. सप्टेंबरपासूनचं सगळं. मधाच्या बरण्यांचंही.

ती हसली नाही. "किती खाल्लात?"

"अडीच बरण्या."

"आता थांबवा. आणि उरलेली बरणी डॉक्टरांना दाखवा. त्यात काय कालवलंय हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही."

"पुरुषांना होतो हा?"

"होतो. फार कमी होतो, पण होतो. या खोलीत आलेले तुम्ही तिसरे."

"सुई लावली की पसरतो?"

"नाही. सुईनं आतला तुकडा काढून तपासल्याशिवाय ती गाठ कसली आहे हेच कळत नाही. ती तपासणी चुकवू नका."

"मी मरणार का?"

"मला माहीत नाही," दलेंदा म्हणाली. "मी डॉक्टर नाही. आणि तपासण्या झाल्याशिवाय डॉक्टरही सांगणार नाहीत. जो कोणी आजच सांगेल, मग तो बरं होशील म्हणो की मरशील म्हणो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका." तिनं कपाटातून एक कागद काढला. "यावर प्रश्न लिहिलेत. डॉक्टरांसमोर डोकं चालत नाही कोणाचं. एकेक वाचून विचारा आणि उत्तर समोर लिहा. बरोबर कोणाला तरी न्या. दोन कान आणखी असलेले बरे."

तिनं ट्यूनिसच्या रुग्णालयात फोन लावला, कोणाशी तरी दोन मिनिटं बोलली, आणि मंगळवार सकाळची वेळ मिळवली. मग वही उघडली.

"घरात आणखी कोणाला होता? आईला?"

"आईला छातीत थंडी भरली होती."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"असं आम्ही म्हणालो," शादली म्हणाला.

"मग घरी विचारा. लल्ला बेयाला, तुमच्या बहिणीला, माहीत असेल. काही घराण्यांत हा रक्तातून पुढे येतो. तसं असेल तर तिला आणि अमानीलाही डॉक्टरांना भेटायला हवं. हे लपवून ठेवण्याजोगं नाही, सी शादली. तुमच्या एकट्याचं नाही ते."

काम संपलं होतं. कागद त्याच्या हातात होता. पण तो उठेना.

"दलेंदा, त्या दिवशी गाडीत..."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला एक विचारलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. आईनं दलेंदाचा पेला वेगळा केला होता, तिचा हात लागला तर अर्क नासेल म्हणून तिला फुलांजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि एक दिवस लमीनला दुसरं लग्न करायला सांगितलं होतं. सुनेला माहेरी पोचवण्याचं काम थोरल्यावर आलं. मागच्या सीटवर दोन बॅगा, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली दलेंदा.

"तू विचारलंस, हा आजार उष्ट्या पेल्यानं दुसऱ्याला लागतो का," तो म्हणाला. "म्हणालीस, सीदी, तुम्ही पुस्तकं वाचता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"अल्लाला ठाऊक, म्हणालो."

"तुम्हालाही ठाऊक होतं."

"हो." कान तापून लाल झाल्याचं त्याचं त्याला जाणवलं. "लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तसं म्हणालो असतो तर गाडी वळवावी लागली असती. आईशी भांडावं लागलं असतं."

दलेंदानं वही मिटली.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मी आठवी शिकलेली. माझ्या भावाला त्याच महिन्यात मुलगी झाली होती. दोन वर्षं मी तिला मांडीवर घेतलं नाही. रडायची, माझ्याकडे हात पसरायची, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. दोन वर्षांनी एका नर्सनं मला सांगितलं. तोवर पोरगी माझ्याकडे यायचीच बंद झाली होती."

शादलीनं माफी मागायला तोंड उघडलं, पण हा शब्द फार लहान आहे हे त्याला कळलं आणि तो तसाच बसून राहिला.

"बाहेर एक बाई थांबलीय," दलेंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. तो दारापाशी पोचल्यावर ती मागून म्हणाली, "उपाशी जाऊ नका उद्या. या सुईला उपाशी राहावं लागत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधी सांगा त्यांना."

*

त्या संध्याकाळी अंगणात शेवटचा हंडा उतरवत होते. शादलीनं सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. गाठीचं आधी, मग गाडीतलं. काही गाळलं नाही.

लमीन त्याच्याकडे बघत राहिला. "लागत नाही हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"सीदी, त्या दिवशी आई बोलत होती ना, मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, हा शिकलेला आहे. चुकीचं असेल तर बोलेल. तू बोलला नाहीस, म्हणून मी समजलो, आईचं खरं असेल."

"तू नवरा होतास तिचा," मुंजिया म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचं? आणि मी तरी कोणती शहाणी! तिचा पेला मीच वेगळ्या फळीवर ठेवायचे."

"आईला काय झालं होतं, बेया?" शादलीनं विचारलं.

बेया बाटलीला बूच बसवत होती. तीन वेळा बसवलं, तीन वेळा निसटलं.

"शेवटची आंघोळ मी घातली तिला," ती म्हणाली. "उजव्या बाजूला पंजाएवढी जखम होती. सडलेली. कापडाच्या पट्ट्या बांधून हिंडायची. जायच्या आधी आठ दिवस मला कळलं, तर कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, पोरांना सांगायचं नाही."

"किती दिवस होती?"

"दोन वर्षं." बेयाचा आवाज फाटला. "दलेंदा गेली त्याच हिवाळ्यात लागलं तिच्या हाताला. तिला वाटायचं, दलेंदाच्याच पेल्यातून आला. जिला हाकललं तिचाच आजार आपल्या अंगावर, तर सांगायचं कोणत्या तोंडानं? म्हणाली, लोक हसतील. मी डॉक्टरकडे चल म्हणाले तर म्हणाली, लाजेनं मेले तरी चालेल."

शादलीनं मनात हिशेब मांडला. गाडीत बोलायला हवं होतं ते एक वाक्य त्याआधी घरात बोलला असता, तर दलेंदा घरातच राहिली असती, आणि आईनं भीती न बाळगता कोणाला तरी कपडा बाजूला करून दाखवलं असतं.

लमीन उठला. जाता जाता थांबला. "कशी आहे ती?"

"बरी आहे," शादली म्हणाला. "तुझ्याबद्दल काही विचारलं नाही तिनं."

लमीननं मान हलवली आणि जेवायला न थांबता निघून गेला. अमानी आत्याच्या शेजारी जाऊन बसली. "गुरुवारी आपण दोघी दलेंदाकाकूकडे जाऊ," ती म्हणाली. बेयानं नाही म्हटलं नाही.

*

ट्यूनिसच्या रुग्णालयात त्या विभागाबाहेर बाकांवर सगळ्या बायकाच होत्या. पुरुष दोनच, एक तरुण आणि एक शादली. तो मुंजियाला खेटून बसला. प्रश्नांचा कागद त्यानं घडी करून वरच्या खिशात ठेवला होता.

शेजारी बेजाकडची एक जाडजूड बाई होती, खांद्यावर लोकरीची शाल घेतलेली. ती मुंजियाकडे वळली. "कितवी सुई गं तुझी?"

मुंजियानं नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्यांकडे बघत होता.

"पहिली," ती म्हणाली.

"घाबरू नकोस. मुंगी चावल्यासारखं होतं. कुठे आहे तुला?"

"डावीकडे."

"माझी उजवीकडे. खजूर घे, खा. तोंड सुकलंय तुझं." बाईनं पिशवी पुढे केली. "नशीबवान आहेस पण. नवरा बरोबर आलाय. माझ्यानं काय केलं माहितीये? अंथरूण वेगळं केलं. म्हणतो, मला नको लागायला." ती हसली आणि हसता हसता शालीच्या टोकानं डोळे पुसायला लागली. समोरच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीनं शादलीकडे बघून म्हटलं, "अल्ला तुमचं भलं करो, भाऊ. तुमच्यासारखे असते सगळे तर!"

मुंजिया खजूर चघळत राहिली. तिचा चेहरा शांत होता. घरातून निघतानाच तिनं हे मनाशी ठरवलेलं असावं, शादलीला आत्ता कळलं. त्याच्या वाटणीची सगळी दया, सगळ्या नजरा ती आपल्या अंगावर घेत होती, आणि तो भला नवरा म्हणून आशीर्वाद घेत बसला होता.

दार उघडलं. नर्सनं कागदावर बघून हाक मारली, "मादाम बिन मिलाद!"

मुंजिया उठली. बायकांनी तिच्या पाठीवर, दंडावर हात ठेवले. वाकून ती शादलीच्या कानाशी पुटपुटली, "तू बस. मी आत जाऊन समजावते. मग तुला गुपचूप बोलावतील."

ती दोन पावलं गेली. तिसरं टाकायच्या आत शादली उभा राहिला.

"ती नाही," तो म्हणाला. "मी."

नर्सनं पुन्हा कागद पाहिला. "इथे मादाम लिहिलंय."

"फॉर्मवर छापलेलंच तसं आहे. शादली बिन मिलाद, वय बासष्ट." आवाज बसला होता. त्यानं खाकरून तो मोकळा केला. "माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. कॅन्सर आहे का, ते बघायचंय. माझी बायको धडधाकट आहे. मला लाज वाटते म्हणून ती खोटं बोलली."

दूरच्या कोपऱ्यात एक मुलगी फिसकन हसली आणि कोणीतरी तिला दटावलं. शादलीच्या मानेवरून घाम वाहत होता, पण तो खाली बसला नाही. मुंजिया वाटेतच उभी होती, ओढणीचं टोक तोंडाशी धरून.

बेजाच्या बाईनं आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊ," तिनं हळूच विचारलं, "पुरुषांना पण होतो?"

"होतो," शादली म्हणाला, आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडत आत गेला.